खिडकीसमोरची खुर्ची

फोन मी घेत नाही. कॉलेजात सगळ्यांना वाटतं, मुथाबाईंना फोनचा कंटाळा आहे. खरी गोष्ट अशी, की मला ऐकू कमी येतं, आणि दरवर्षी जरा आणखी कमी येतं. घरच्यांना ते ठाऊक आहे. कॉलेजात मात्र मी कधी कोणाला सांगितलं नाही. बहिरी बाई काय शिकवणार, असं कोणी म्हटलं तर? त्या सकाळीही फोन नवऱ्यानेच घेतला, दुकान उघडायच्या घाईत, शर्टाची बटणं लावता लावता. त्याचा हात मधेच थांबला. "सोनवणे सर गेले," तो म्हणाला. सर सुट्टीत तळेघरजवळच्या आपल्या गावी गेले होते. भाताच्या बांधावर छातीत कळ आली, खाली बसले, ते उठलेच नाहीत...

घोडेगावच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे आणि मी अर्थशास्त्र. स्टाफरूममध्ये एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही इतकी वर्षं बसलो, की आमची भांडणंसुद्धा ठरलेली होती. मी फटकळ, ते थंड. मी आवाज चढवला की ते चहा मागवायचे. एकदा ते पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि टेबलावर एक जाडजूड पुस्तिका ठेवली. वर लिहिलं होतं, सार्वत्रिक अध्ययन आराखडा. नाव वाचूनच मला जांभई आली. म्हटलं, "सर, हे आता कोणाच्या डोक्यात घालणार?" तर म्हणाले, "डोक्यात घालायच्या वाटा एकापेक्षा जास्त असतात, मॅडम. एवढंच आहे त्यात."

आणि मग त्या माणसाने खरंच वाटा काढायला सुरुवात केली. मढची सुरेखा नावाची मुलगी त्यांच्या वर्गात होती, तिला दिसत नव्हतं. तिच्यासाठी त्यांनी प्लायवूडवर जिल्ह्याचा नकाशा केला. नद्या सुतळीच्या, डोंगर चिंचोक्यांचे, धरणांच्या जागी बांगड्या चिकटवलेल्या. गंमत म्हणजे सुरेखाला त्या नकाशाजवळ जायला जागाच मिळेना! डोळस पोरंच त्यावर तुटून पडली. "आता कळलं, घोड नदी कुठनं येती ती," म्हणत बोटं फिरवायची. डोंगरातल्या पोरांची एसटी हुकायची, म्हणून सर प्रत्येक तास मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. पोरं स्टँडवर बसून एकमेकांच्या फोनमध्ये तो घ्यायची.

किसन नावाचा एक विद्यार्थी होता. चाचणीत पेपर कोरा. सरांनी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं, तेव्हा मी समोरच होते. मान खाली घालून तो म्हणाला, "समदं डोक्यात हाय सर, पन लिवाया बसलं की नाय सुचत."

"मग बोल की. वर बघून बोल."

किसन बोलायला लागला. हातवारे करत त्याने पाऊस, उतार, माती, खाचरं असं सगळं सांगितलं. सरांनी तिथल्या तिथे मार्क दिले, आणि पुढच्या चाचणीपासून सगळ्या वर्गाला सांगून टाकलं, की लिहा, बोला नाहीतर करून दाखवा. झालं, मीटिंग बसली! प्राचार्य म्हणाले, ज्याला अडचण आहे त्याने अर्ज द्यावा, आपण सवलत देऊ. सर शांतपणे म्हणाले, "अर्ज लिहितानाच पोर अर्धं मरतं, सर. आपण आधीच सोय करून ठेवू. ज्याला लागेल तो घेईल. कोणाला लागली, हे कळायचं कारणच नाही."

तेव्हा मला वाटलं, ते किसनबद्दल बोलताहेत.

मीटिंगमध्ये सर नेहमी फळ्यापाशी उभे राहून एकेक मुद्दा लिहायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "मला लिहिल्याशिवाय सुचत नाही." घंटा झाली की कप खाली ठेवून टेबलावरचा डस्टर उचलायचे, ते उठले की मी उठायची. आणि स्टाफरूममध्ये बसायचे ते कायम खिडकीसमोरच्या खुर्चीत. दुपारी पश्चिमेचं ऊन थेट तोंडावर. मी खिडकीकडे पाठ करून सावलीत. सर डोळे किलकिले करत, रुमालाने पाणी टिपत बोलत राहायचे. मी वैतागायची. "अहो, इकडे सावलीत बसा की! भाजून घ्यायची हौस आहे का?" तर हसून म्हणायचे, "मला इथनं आमचा डोंगर दिसतो. तो बघितल्याशिवाय चहा लागत नाही गोड." गाववेडा माणूस, असं म्हणून मी सोडून द्यायची.

शोकसभेला मी पहिल्या रांगेत बसले होते. पण माइक तोंडासमोर आला की ओठ दिसत नाहीत. सुरेखा बोलली, किसन बोलला, पोरं रडली. मधे सगळे हसले, सरांचा काहीतरी किस्सा असणार. मी जरा मागून हसले. शेजारच्या बाईंना विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "नंतर सांगते." असलं नंतर कधी येत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. माझ्या इतक्या जवळच्या माणसाबद्दल लोक तासभर बोलले, आणि त्यातलं एक वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही.

आता स्टाफरूममध्ये लोक चालता चालता बोलतात, कपाटात डोकं घालून बोलतात, पाठमोरे बोलतात. त्यांचं काही चुकत नाही. मी हसते, मान हलवते. बोलणं असं नाहीच कोणाशी... फार एकटं वाटतं.

परवा दुपारी स्टाफरूम रिकामी होती. पहिल्यांदाच मी सरांच्या खुर्चीत बसले. म्हटलं, बघू तरी त्यांचा डोंगर. बसल्याबरोबर ऊन डोळ्यांत घुसलं. हाताचा आडोसा करून पाहिलं, तर समोर जुन्या इमारतीचा पत्रा तळपत होता. मान इकडे केली, तिकडे केली. खाली सरकून पाहिलं. पत्रा, आणि वर पांढरंफेक आभाळ.

त्या खुर्चीतून डोंगर दिसतच नाही.

दिसते ती फक्त समोरची खुर्ची, माझी. आणि तिथे बसलेल्या माणसाला दिसतो इथल्या माणसाचा उजेडातला चेहरा, हलणारे ओठ, एकेक शब्द. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी मी तिथेच बसून राहिले. घंटा कधी झाली, मला कळलं नाही. टेबलावरचा डस्टर कोणी उचलला नव्हता.