लागून

नागपूरला काढलेल्या पेट स्कॅनमध्ये गाठ दुसरीकडे कुठे पसरलेली नव्हती. आता एकच प्रश्न उरला होता. बाबांच्या फुप्फुसातली ती गाठ हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरली आहे का? शिरली असेल तर ऑपरेशन होणार नव्हतं.

सीटी स्कॅनचा रिपोर्ट इंग्रजीत होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून तो मीच वाचायचा, हे न बोलताच ठरलेलं. आदिलाबादहून आमच्या गावी, तामसीला, येणाऱ्या बसमध्ये मोबाईलवर एकेका शब्दाचा अर्थ शोधत गेले. एका शब्दाचा अर्थ ‘लागून असणे’ असा निघाला. घरी आल्यावर मी सांगितलं, “गाठ मोठ्या नसेला लागली आहे.”

बाबा भाजीपाला पिकवतात. त्यांना लागणं म्हणजे कीड लागणं.

“लागली म्हंजे गेलं,” ते म्हणाले. “मंग मले कायले कापता?”

दोन दिवस त्यांचं हेच चाललं होतं. माझा शब्द चुकला असेल अशी शंका मला येत होती, पण ती बोलून दाखवायचा धीर होईना. शेवटी, “नाही म्हणायचं तर डॉक्टरांना तोंडावर म्हणा,” असं सांगून मी त्यांना आदिलाबादला नेलं.

सर्जन आठवड्यातून एकदा हैदराबादहून येत. ते तेलुगूत बोलत आणि मी बाबांना मराठीत सांगे. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. पांढरी दिसते ती नस, करडी ती गाठ, आणि दोन्हींच्या मधे एक बारीक काळी रेघ. तो चरबीचा थर. तो शाबूत असेल तर गाठ सोडवून काढता येते.

हे कसं सांगावं, मी शब्द शोधत होते. तेवढ्यात बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

“हा मधात धुरा हाय काय?”

दोन वावरांमधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. मी हो म्हटलं.

“मंग लागून हाय म्हन ना! लागली काऊन म्हनत होती? शेजाऱ्याचं वावर आपल्या वावराले लागूनच असते. त्यानं धुरा कोरला काय, ते इचार.”

मी विचारलं. डॉक्टर एकेक चित्र पुढे सरकवू लागले. इथे रेघ आहे. इथेही आहे. मग एका ठिकाणी ती पुसट झाली. ते मागे गेले, पुन्हा पुढे आले. खोलीत फक्त माऊसच्या चाकाचा आवाज होता.

“या दोन चित्रांत दिसत नाही,” ते म्हणाले. “थर दबलेला असेल किंवा गाठ चिकटली असेल. छाती उघडल्यावरच कळेल. निघेल असं मला वाटतं. नाहीच निघाली तर तशीच ठेवून बंद करावं लागेल.”

शेवटचं वाक्य गाळावं असं मला वाटलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

“काऊन थांबली? पुरं सांग.”

मी सांगितलं. ते त्या पुसट जागेकडे बराच वेळ बघत राहिले.

“मोजनीवाला बी वावरात उतरल्याबिगर हद्द सांगत नाई,” ते म्हणाले. “तारीख माग.”

डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, तरी मी तेलुगूत सांगायच्या आधीच त्यांनी कॅलेंडर बाबांपुढे सरकवलं.