भरतीच्या वेळेची झोप

माझा धाकटा भाऊ रेवदंड्याला मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. मालवाहू जहाजावर नोकरी मिळण्यासाठी द्यावी लागणारी तोंडी परीक्षेत तो एकदा नापास झाला होता. दुसऱ्यांदा बसला तेव्हा वयाची मर्यादा जवळ आली होती. यानंतर संधी नव्हती.

मेहनत तो करत होता. खाडीच्या तोंडाशी गाळ असल्याने बोट भरती पाहूनच काढावी लागते. भरतीची वेळ रोज थोडी पुढे जाते आणि घराची झोप तिच्यामागे सरकते. आई घड्याळ बघत नाही. "ऊठ रं, पानी भरलं," एवढंच म्हणते. तो उठायचा, चहा घेऊन पुस्तक उघडायचा, मग बोटीवर जायचा. तो परतल्यावर मी फोनवर प्रश्न विचारले की एकच उत्तर यायचं : "दादा, सकाळी येत होतं रे."

वर्तमानपत्रातल्या रात्रपाळीने माझी झोप मोडली ती मोडलीच. त्यामुळे झोपेविषयी मी बरंच वाचलं होतं. झोप सगळी सारखी नसते. सुरुवातीला गाढ झोप जास्त असते. दिवसा शिकलेलं मेंदू तेव्हा पुन्हा चाळतो आणि पक्कं करतो, असं मानतात. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते. नव्याची जुन्याशी सांगड घालण्यात तिचा हात असावा. माणूस मध्येच उठला की हा भाग कापला जातो. भाऊ तर उठल्यावर पाठ करत होता, म्हणजे पाठ केल्यावर झोप नव्हतीच, आणि वर दिवसभर राबत होता.

परीक्षेआधी त्याला चौलला माझ्या घरी आणलं. नारळी-पोफळीची वाडी, बोट नाही, हाक नाही. तरी पहिल्याच पहाटे तो पडवीत बसलेला दिसला.

"का उठलास?"

"आज सप्तमी. पानी भरलं असंल."

तिथीवरून भरतीचा हिशेब त्याच्या अंगात होता. तो काढता येणार नव्हता. मग अभ्यासाची वेळ बदलली. रात्री जेवण झाल्यावर वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि लगेच आडवं व्हायचं, मोबाइल माझ्याकडे.

"भावजी, हे झोप शिकवणार?" बायको म्हणाली. "आधी ह्यांना येते का विचारा."

"वहिनी, मास्तर जागा पायजे. पोरं झोपली तरी चालतंय."

सकाळी विचारलं की बरंचसं येऊ लागलं. दिवसभर राबणं थांबलं होतं, त्याचाही परिणाम असेल. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.

परीक्षा झाल्यावर मुंबईहून त्याचा फोन आला. "झालो पास."

मी अभिनंदन केलं.

"दादा, जहाजावर इंजिनात पाळ्या असतात म्हणे. चार तास काम, मग सुट्टी, परत चार तास. सलग झोप न्हायच."

"मग?"

"मग काय. जातो की."