अंशाचं वर्तुळ

त्याला मी एकदाच भेटलो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि वर्ध्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढून देणारं माझं ऑफिस नुकतंच उघडलं होतं. तो नाचणगावचा पेंटर, दारावरची पाटी रंगवायला आलेला. एक अक्षर झालं की मागे सरकायचा, एक डोळा मिटायचा आणि ब्रश उभा धरून उंची मापायचा.

माझं पहिलंच ड्रॉइंग, एका गोदामाच्या छपराचं, दुपारच्या बसने नागपूरला जायचं होतं आणि मी सकाळपासून एका चिन्हावर अडलो होतो. पंचेचाळीस अंश लिहायचे, तर कीबोर्डवर अंशाची खूणच नव्हती. शेवटी चिडून ४५ पुढे शून्य टाकलं.

पाणी प्यायला आत आलेल्या पेंटरने पडद्याकडे एक डोळा मिटून पाहिलं. “साहेब, हे तं चारशे पन्नास झालं ना जी!”

“मशीनवर ती खूणच नाही हो.”

“मंग लिहून काऊन राह्यले? आमचं तं अक्षर बी चित्रच राह्यते. मशीन गोल काढते ना? मंग काढा!”

मी इवलंसं वर्तुळ काढलं, उचललं आणि पाचाच्या खांद्यावर नेऊन ठेवलं. पंचेचाळीस अंश! मग चौरस मीटरचा दोनही तसाच वर चढवला. मी खुर्चीतून उठून ओरडलोच. तो ब्रश उंचावून हसला. बस सुटायच्या आत ड्रॉइंग माझ्या हातात होतं.

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझं मात्र तो दिवसभर दारावर रंगवत होता.