भुरका

आमच्यात तेव्हा व्हेकेशन म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन उभं राहणं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचो आणि सुट्टीत कुठे जायचं, तर जिथे ओळखीचं मराठी घर असेल तिथे. पोचलं की पुरुष नकाशे पसरून बसत, मुलं टीव्हीपुढे बसत, आणि पाहुणी आलेली बाई यजमानीण बाईच्या शेजारी कणीक मळायला लागे. परक्या लाटण्याची हाताला सवय होईपर्यंत सुट्टी संपायची.

त्या उन्हाळ्यात आम्ही सनीव्हेलला गेलो होतो, नवऱ्याच्या कॉलेजातल्या मित्राकडे. एक दिवस सॅन फ्रान्सिस्को बघायला आम्ही तिघंच निघालो. मी, नवरा आणि आमची आठ-नऊ वर्षांची मुलगी. मित्राने आपली गाडी दिली. त्याच्या बायकोने आणि मी सकाळी उठून पोळ्या लाटल्या, बटाट्याची कोरडी भाजी केली आणि सगळं फॉइलमध्ये गुंडाळलं. गुंडाळता गुंडाळताच मी ठरवलं, आज दुपारी हे मी खाणार नाही. दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं, गरम, खुर्चीवर बसून एक जेवण. अख्ख्या सुट्टीतून मला एवढंच हवं होतं, आणि ते मी घेणार होते.

दुपारी जपानी वस्तीत हिंडत होतो. भर जुलैत धुकं आणि बोचरा वारा. नवरा डबा खायला बाक शोधत होता. मला मात्र एका छोट्या हॉटेलची काच दिसली. काचेत प्लास्टिकचे खोटे बाउल मांडलेले, खोट्या नूडल्स, खोटी कांद्याची पात, आणि प्रत्येकापुढे किंमत. आमच्यासारख्यांना सहज परवडेल अशी. आतून खरी वाफ येऊन काच ओली झाली होती.

"पोळ्या आहेत ना," नवरा म्हणाला.

"आहेत. राहू देत."

"वेस्ट होतील."

"होऊ देत."

"अगं, जपानी लोक काय खातात याची काही आयडिया आहे का तुला?"

"गरम खातात. दिसतंय मला."

मी मुलीचा हात धरला आणि दार ढकललं. मागून तो येतोय की नाही हे पाहिलंसुद्धा नाही. आला. गाडीच्या किल्ल्या त्याच्याकडे असल्या तरी भूक त्यालाही लागली होतीच.

आत पाऊल टाकलं आणि मी उभीच राहिले. लांबलचक फळीपाशी माणसं ओळीने बसली होती, बाउलांवर वाकून, आणि सगळं हॉटेल आवाज करत होतं. सुर्रर्र. इकडून सुर्रर्र, तिकडून सुर्रर्र. कोटातले साहेब, पिशव्या घेऊन आलेल्या आज्या, कुणालाही लाज नाही. तो आवाज मला चांगला ठाऊक होता. तो भुरका होता.

माझ्या माहेरी तोंडाने कौतुक करायची पद्धत नव्हती. 'आज आमटी छान झाली हं,' असं वडील उभ्या जन्मात म्हणाले नसतील. ते वाटी तोंडाला लावायचे आणि भुरका मारायचे. आई आत चुलीपाशी हात थांबवून ऐकायची. भुरका लांब आला की ती समजायची, जमली.

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच वर्षी नवऱ्याच्या बॉसने आम्हाला घरी जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोने टोमॅटोचं सूप फार सुरेख केलं होतं. मी मनापासून भुरका मारला. त्या बाईचं मी कौतुक करत होते, आमच्या रीतीने. टेबलावरचे सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "इथे आवाज करून खात नाहीत. मॅनर्स असतात." त्यानंतर त्याने स्वतःलाच नव्हे, घरालाच वळण लावलं. आमटी चमच्याने, तोंड मिटून. मुलगी तशीच शिकली. माझ्या घरात रोज आमटी संपत होती आणि ती कशी झाली हे मला कुणी सांगत नव्हतं. मला त्याचा राग होता, आणि तो मी वर्षानुवर्षं आमटीबरोबरच ढवळत आले होते.

बाउल आले. तपकिरी रस्सा, त्यात करंगळीएवढ्या जाड पांढऱ्या शेवया, वर कांद्याची पात. रश्शाला सुक्या मासळीचा मंद वास होता. नवऱ्याने नाक मुरडलं, फोर्क मागून घेतला आणि शेवया कापून त्यांचे तुकडे केले. मी काड्या उचलल्या. शेवई धरली की सटकायची, धरली की सटकायची. शेवटी तोंड बाउलाशी नेलं, एक टोक ओठांत पकडलं आणि जोर लावून ओढलं.

असा भुरका मी त्या सूपनंतर मारला नव्हता.

"शूः!" नवरा म्हणाला. "लोक बघतायत."

"कोण बघतंय? दाखव."

कुणीच बघत नव्हतं. फक्त पातेल्यामागे उभ्या असलेल्या आचाऱ्याने मान वर केली, माझ्याकडे पाहून जराशी हलवली आणि पुन्हा वाफेत डोकं घातलं. मग मी मुद्दाम दुसरा मारला. तिसरा त्याहून मोठा. डोळ्यांत पाणी आलं, थोडं वाफेमुळे, बरंचसं रागामुळे. बाउल दोन्ही हातांनी उचलून तळापर्यंत प्यायले.

मुलगी टक लावून बघत होती. "आई, इज दॅट अलाउड?"

"अलाउड आहे. ज्याने केलं त्याला कळायला नको, कसं झालंय ते?"

तिने विचार केला. "अँड ॲट होम?"

नवरा फोर्क खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. मीही त्याच्याकडे बघितलं आणि नजर वळवली नाही.

"घरी तर आधी," मी म्हणाले.

संध्याकाळी सनीव्हेलला परतलो. फॉइलचं पुडकं जसं नेलं तसं ओट्यावर ठेवलं. मित्राच्या बायकोने ते दाबून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कणीक काढली. पुरुष आणि मुलं आधी बसायची, आम्ही वाढून झाल्यावर. तसंच चाललं होतं. त्या दिवशी मी खुर्ची ओढली आणि पहिल्या पंगतीला बसले. ती गॅसपाशी आमच्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होती.

टेबलावर नेहमीचे मॅनर्स. चमचे, मिटलेली तोंडं. मी वाटी उचलली, तोंडाला लावली आणि लांब भुरका मारला. नवऱ्याचा चमचा अधांतरी थांबला. मित्राने मान वर केली. मुलीने दोन्ही हातांनी आपली वाटी उचलली आणि माझ्याहून मोठा मारला. थोडी आमटी तिच्या फ्रॉकवर सांडली.

लाटणं थांबलं. ती वळली. कोपरापर्यंत पीठ.

"जमली का गं?"

"मस्त जमली."

"इतकी वर्षं करतेय यार," ती म्हणाली, "आज कळलं."

तिचा नवरा काहीतरी बोलणार होता. मी त्याला बोलू दिलं नाही.

"गॅस बंद कर आणि ये, बस इथे," मी तिला म्हणाले. "सकाळच्या पोळ्या आहेत. त्या हे दोघं खातील."

तिने गॅस बंद केला.