व्याही, नकाशा आणि दुसऱ्याच्या घरचा दगड

साऱ्या इंग्लंडात जेवायला येताना स्वतःचा नकाशा, स्वतःचं भिंग आणि स्वतःचा दगड घेऊन येणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझा व्याही आहे. माझ्या मुलीचे सासरे. जन्म वॉटफर्डचा, नोकरी वॉटफर्डच्या रस्त्यांच्या खात्यात, आणि आता पेन्शनही वॉटफर्डलाच बसून खातात. उंच, लालबुंद, आणि सभ्य इतके की आमच्या दाराला डोकं आपटलं तर दारालाच सॉरी म्हणतात. पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी बूट बाहेर काढायला लावले. झालं! ती रीत त्यांना इतकी पटली की तेव्हापासून ते कुठेही शिरताना बूट काढतात. डेंटिस्टकडे गेले तरी खुर्चीत मोज्यांवर. विहीणबाई म्हणतात, "हे माणूस तुम्ही बिघडवलंत, आता तुमच्याकडेच ठेवा."

त्याच पहिल्या भेटीत, लग्नाची बोलणी चालू असताना, मी आपलं सहज विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" ते म्हणाले, "वॉटफर्ड." मी म्हटलं, "अहो, ते राहायचं झालं. मूळ गाव?" मुलगी मला टेबलाखालून पाय मारत होती. पण आपल्याकडे गाव विचारल्याशिवाय मुलगी देतात का कुणी? व्याही पुरणपोळीचा घास हातात धरून थांबले. म्हणाले, आडनाव मॅग्वायर, म्हणजे आयर्लंडचे असणार. पण त्यांच्या वडिलांना कुणी विचारलं तर ते "इथलेच" म्हणायचे आणि हवापाण्यावर बोलायला लागायचे. पणजोबा ओवेन बोटीतून उतरले आणि त्यांनी मागचं दार लावून घेतलं, एवढंच घरात माहीत. "दार लावलं ना? म्हणजे दार होतं!" मी म्हटलं. बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "यू आर राइट. देअर मस्ट बी अ डोअर."

तेव्हापासून आमचं जेवणाचं टेबल आयर्लंडच्या ताब्यात गेलं. व्याही नकाशे घेऊन येणार, कोपऱ्यांवर माझा मिसळणाचा डबा, लाडवांचा डबा, लोणच्याची बरणी ठेवणार आणि आम्ही पोरंबाळं ताटं मांडीवर घेऊन जेवणार. एकदा हळदीचं बोट लागून फर्मानाह परगण्यात एक पिवळं तळं तयार झालं. तर ते पुसूही देईनात, म्हणाले, "आता शोधायला खूण झाली." उत्तर आयर्लंडातल्या त्या परगण्यात ड्रमकॉरा नावाची वाडी आहे, तिथपर्यंत ते पोचले होते. जुन्या काळी सरकारने घर न् घर, शेत न् शेत मोजलं होतं, त्याचे कागद त्यांनी मिळवले. नकाशावर प्रत्येक जमिनीला आकडा, कागदावर त्या आकड्यापुढे कुळाचं नाव, जमीनदाराचं नाव, आकार. मी पाहिलं आणि ओरडलेच, "अय्या, हा तर सातबारा!" मग सातबारा म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं, तेव्हापासून ते स्वतःच्या कागदांनाही "माय सातबारा" म्हणतात.

माणूस हुशार, पण एक खोड भयंकर. कुणाला म्हणून काही विचारणार नाही. "नकाशा असताना माणसाला का विचारायचं?" हे त्यांचं ब्रीद. एकदा आम्हाला साउथहॅम्प्टनला लग्नाला नेताना असं काही नेलं की आम्ही पोचलो तेव्हा नवरा-नवरी हनिमूनला निघाली होती. पण नकाशा बरोबर होता म्हणे, रस्ता चुकला होता.

हा सगळा आटापिटा एवढ्या घाईने का, ते मला विहीणबाईंनी स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर मधोमध विझत चालली आहे. कडेचं दिसत राहील, समोरचं दिसणार नाही. म्हणून तर दर खेपेला भिंग मोठं होत होतं. त्यांना ते दार एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि मग बघून आले! ड्रमकॉऱ्याला जेम्स मॅग्वायरचं घर सापडलं. जेम्स म्हणजे ओवेनचे वडील. छप्पर गेलेलं, पण भिंती उभ्या, समोर तळ्याचा देखावा. तिथे ते पोटभर रडले आणि भिंतीतला एक सैल दगड घेऊन थेट आमच्याकडे आले. "प्रश्न तुम्ही विचारला होता," म्हणाले. आता पूर्वजांच्या घरचा दगड दारात आलाय म्हटल्यावर मी काय करणार? हळदकुंकू वाहिलं, पुढे साखर ठेवली. व्याही हरखले. मग काय, जेवायला येताना दगड बरोबर. मुलगी म्हणायची, "आई, माझे सासरे किती येणार ते मोजून सांग, दगड धरून की सोडून?"

असं छान चाललेलं, आणि एका रविवारी शेवया परतता परतता मी त्या कागदावर नजर टाकली. वाडीत जेम्स मॅग्वायर दोन होते. एकापुढे कंसात ह्यू, दुसऱ्यापुढे कंसात ओवेन. मी विचारलं, "हे कंसातले कोण?"

"घरात राहणारे भाडेकरू असतील," व्याही म्हणाले. "आधी मला वाटलं हाच आपला ओवेन. पण मोजणी झाली तेव्हा पणजोबा जन्मलेच नव्हते. म्हणजे हा ओवेन कुणी दुसरा, म्हणून हा जेम्सही दुसरा. मग मी ह्यूवाला घेतला. शिवाय भिंतीही होत्या."

"अहो, भाडेकरू कुठले! बापाचं नाव आहे ते. आमच्या गावात एका नावाचे तिघे होते. सातबाऱ्यावर मधे बापाचं नाव नसतं तर भावकीत काठ्या निघाल्या असत्या. जेम्स ओवेन मॅग्वायर! आणि मुलगा झाल्यावर त्याला आजोबांचं नाव ठेवलं, तेच तुमचे पणजोबा. आमच्याकडेही नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात."

शेवया करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही. व्याह्यांनी सावकाश मान वळवली. खुर्चीवर, हळदकुंकू लावून, दगड बसला होता. "देन हू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "इज धिस?"

त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा त्यांनी माणसाला विचारलं. तिकडच्या जुन्या कागदांच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "हो तर, कंसात बापाचंच नाव. विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं." विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग आम्ही चौघं, म्हणजे व्याही, विहीणबाई, मी आणि दगड, गाडीने लिव्हरपूल आणि तिथून बोटीने बेलफास्ट. दगड आधी परत करायचा, असा त्यांचा हट्ट. "दुसऱ्याच्या आजोबांना किती दिवस पाहुणे म्हणून ठेवायचं?" त्यांनी तो भिंतीतल्या त्याच भोकात बसवला, भिंतीला सॉरी म्हटलं. एक गाय बघत होती, तिलाही म्हटलं. कुंकू मात्र पुसू दिलं नाही.

खऱ्या घराची जागा दोन शेतं पलीकडे. नकाशावर तिथे काळा चौकोन होता. समोर नुसतं गवत. ना भिंत, ना दार. एवढी वाट पाहून, उरलेली नजर घेऊन माणूस आला, आणि बघायला काही नाही. व्याही उभेच राहिले. मग खाली वाकले आणि बूट काढले. मोजेही काढले. थंडगार ओल्या गवतात अनवाणी, हळूहळू पाय सरकवत चालायला लागले. जरा पुढे थांबले. पुन्हा पायाने चाचपलं. "दगड आहे," म्हणाले. "सपाट आहे. झिजलेला आहे, मधे." डोळे मिटलेलेच होते.

विहीणबाई गाडीपाशी पाठ फिरवून थर्मासचं झाकण उघडत होत्या, ते बराच वेळ उघडलं नाही.

व्याही त्या उंबऱ्यावर उभं राहून माझ्याकडे वळले. हात पुढे केला आणि मी आमच्या दारात म्हणते अगदी तसं, मराठीत म्हणाले, "या, आत या."

मी बूट काढले.