अर्धवट

वस्तीच्या शेवटच्या गल्लीत, जिथे डांबर संपून खडकाळ माळ सुरू होतो, तिथे एक कोंबडीचं दुकान होतं. मालकाला सगळे भाऊ म्हणत. दुकानामागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहायचे. मूलबाळ नव्हतं. होती ती काळी नावाची कुत्री, दुकानातल्या मुंड्या-पाय खाऊन चांगली गुबगुबीत झालेली.

माळावर पूर्वी लांडग्यांचा कळप होता. मेंढ्यांपायी कुणी विष घातलं, खडीच्या खाणीने घळी गिळल्या, आणि शेवटी एकच नर उरला. तिन्हीसांजेला तो दुकानामागे टाकलेली आतडी खायला यायचा. एरवी भुंकून गल्ली डोक्यावर घेणारी काळी त्याला पाहिलं की गपगार.

"हिचं काही खरं नाही," बायको म्हणाली.

थंडीत काळी व्याली. एकच पिल्लू जगलं. लांब तंगड्या, पिवळे डोळे, आणि शेपूट हलवायचं नाव नाही. शेजारचा शिंपी बघायला आला आणि म्हणाला, "भाऊ, हा ना धड कुत्रा, ना धड लांडगा. अर्धवटच की!" तेच नाव पडलं.

भाऊने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. घरात तो भाऊची पाठ सोडत नसे, पण एखादं भांडं पडलं तरी खाटेखाली घुसायचा. भुंकायला तो कधी शिकलाच नाही.

एका दुपारी हाड घशात अडकेल म्हणून भाऊ ते त्याच्या तोंडातून काढायला गेला. अर्धवटाने कचकन चावा घेतला. लस झाली, टाके पडले, पण उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. सुरी बायकोच्या हाती गेली.

"चूक माझीच," भाऊ म्हणाला. "त्याच्या तोंडचा घास मी ओढला."

"उद्या कुणाच्या लेकराला धरलं, तरी हेच सांगणार का?" शिंपी म्हणाला. त्याच्या नाती त्याच गल्लीत खेळायच्या. भाऊ अर्धवटासाठी दुसरी जागा शोधू लागला.

प्राणिसंग्रहालयाने सांगितलं, यात कुत्र्याचं रक्त आहे. कुत्र्यांच्या निवाऱ्याने सांगितलं, हा तर लांडगा. शेवटी एका सकाळी भाऊ त्याला माळावर सोडायला गेला. म्हातारा नर लांब उभा होता. अर्धवट पोट जमिनीला घासत त्याच्याजवळ सरकला. नराने हुंगलं. अंगाला माणसाचा वास असणारच. त्याने दात दाखवले आणि पाठ फिरवून चालू लागला. तेवढ्यात खाणीवरच्या कुत्र्यांनी अर्धवटाला घेरलं. भाऊने दगड मारून त्याला सोडवलं, तोवर कान फाटला होता. परतताना अर्धवट भाऊच्याही पुढे चालत होता, घराच्या दिशेने.

मग साखळी आली. मागच्या खोलीत तो भिंतीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचा. मानेवरचे केस झडले. पुढे त्याने खाणंच टाकलं. काळीसुद्धा त्या खोलीत जाईना. बायको वाटी ठेवायची आणि भरलेली वाटी उचलून आणायची. गुरांच्या डॉक्टरला भाऊनेच बोलावलं.

"धरता येईल ना तुम्हाला?" डॉक्टरने विचारलं.

"धरतो."

बायको बाहेर गिऱ्हाइकाचं वजन करत होती. तिने मान वर केली नाही. सुई टोचली तेव्हा अर्धवट हललाही नाही. भाऊने मांडी दिली होती, पण अर्धवटाची नजर शेवटपर्यंत उघड्या दाराकडेच होती.

त्या उन्हाळ्यात म्हातारा नर खाणीच्या रस्त्यावर डंपरखाली गेला. माळावर आता मोकाट कुत्रीच आहेत.

एकदा शिंपी टोपलीत एक तपकिरी पिल्लू घेऊन आला. "ठेवून घ्या भाऊ, तेवढंच मन रमेल."

"घेऊन जा," भाऊ म्हणाला. पिल्लू टोपलीतून त्याची बोटं चाटत होतं. भाऊने हात मागे घेतला.