खड्डा बुजवण्याआधी

हाडं धुणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. हात चिखलात, तोंड मोकळं! नवरा इंग्लंडात, रीडिंग गावी आयटीत आणि मी तिथेच उत्तरेत टॉम नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात, तेराशे वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती मठाच्या खोदकामात निघालेली हाडं धुवायला. गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं हे. टॉमच्या गाई धडधाकट होत्या. शेजारच्या फार्मवर रोग निघाला म्हणून सरकारी माणसांनी त्याही मारल्या आणि जाळल्या.

*

सासूबाईंचा पुण्याहून फोन. "अगं, त्या मठात सापडतंय तरी काय?"

"वासरांची हाडं, आई. पोथ्या कातड्यावर लिहायचे. एका जाड पोथीला कळपच लागायचा."

"अगंबाई! आणि एवढं मारून लिहायचे काय?"

"दया करा, असं."

"बरं," त्या म्हणाल्या, "जेवलीस का?"

*

हेलन आमची बॉस. हाडं दिसली की तिला भान राहत नाही. टॉम चहाच्या वेळी आला, तर त्यालाच दाखवायला लागली, "बघ, सगळी एकाच वयाची! एकदम मारलेली!"

टॉमनं कप खाली ठेवला. "माझीही."

दुसऱ्या दिवसापासून बिस्किटांचा डबा आधी टॉमपुढे जायला लागला. इथली माणसं 'सॉरी' दिवसभर म्हणतात; खरंच वाईट वाटलं की बिस्किट देतात!

*

मग मठातल्या चर्चच्या भिंतीलगत एक अख्खी गाय निघाली. म्हातारी, दात झिजलेले, हाडांवर सुरीची एक खूण नाही. साधूंनी नीट पुरलेली.

"खाल्ली का नसेल?" मी विचारलं.

"लाडकी असेल," टॉम म्हणाला.

"रिपोर्टमध्ये असं लिहिता येत नाही, टॉम."

"नको लिहूस." मग म्हणाला, "मी म्हटलं होतं, एक तरी माझ्या शेतात पुरू द्या. नाही म्हणाले." मला त्या सरकारी माणसांचा भयंकर राग आला.

*

आम्हा खोदकामवाल्यांत एक रीत आहे. खड्डा बुजवण्याआधी तळाशी यंदाचं नाणं टाकायचं. पुढे कुणी खणलं, तर आधी कोणी येऊन गेलंय हे त्याला कळावं. हेलननं पेनी टाकली. टॉमनं विचारलं, तेव्हा त्यालाही हे सांगितलं.

"म्हणजे ते आता कुणी काढणार नाही?"

"आपल्या हयातीत तरी नाही."

तो घरी जाऊन आला. हातात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला होता, गाईच्या कानात मारतात तो. खाली उतरला, म्हातारी गाय सापडली त्या जागी बिल्ला ठेवला आणि वर येऊन टोपी काढून उभा राहिला.

खड्ड्यात बिस्किटाचा चुरा पडला तरी ओरडणारी आमची हेलन! तिनं जेसीबीवाल्याला हातानं थांबवलं आणि फावडं टॉमपुढे धरलं.

"पहिली माती तू टाक."